गोगोलची ‘पोर्ट्रेट’: काही महिने सोबत बाळगल्यावर

भुताची गोष्ट म्हणून रशियन लेखक गोगोलची ही दीर्घकथा घेणार असाल तर खुशाल घ्या, भूत आहे. चार्टकोव नावाचा कफल्लक चित्रकार पीटर्सबर्गच्या बाजारातून शेवटचे २० कोपेक मोजून एका म्हाताऱ्याचं जुनाट चित्र उचलतो. डोळे जिवंत. रात्री म्हातारा चौकटीतून उतरून नाणी मोजत बसतो. पावसाळ्यापासून लोकलमध्ये मी हे मोबाइलवर पुन्हापुन्हा उघडतोय (इंग्रजी भाषांतर, १८४२ साली गोगोलने नव्याने लिहिलेला पाठ), आणि आता त्या म्हाताऱ्याचं काही वाटत नाही. भीती वाटते ती गिऱ्हाइकांची.

थकलेल्या भाड्यासाठी घरमालक पोलिसाला घेऊन येतो, पोलिसाच्या दांडगाईने चौकट मोडते आणि आतून सोन्याची नाणी पडतात. मग नवे कपडे, नवं घर, पेपरवाल्याच्या हातावर थोडी नाणी. लगेच चार्टकोवच्या प्रतिभेवर लेख छापून येतो, तोही चरबीच्या मेणबत्त्यांच्या जाहिरातीखाली! पेड न्यूज काही आपल्याकडे जन्मली नाही.

सगळ्यात जालीम प्रसंग पहिल्या गिऱ्हाइकाचा. एक बाई लेकीला, लिझला, घेऊन येते. चार्टकोव मन लावून मुलीच्या चेहऱ्यावरची पिवळसर झाक टिपतो. आई म्हणते, छे, आज तिला जरा बरं नाही, एरवी असं काही नसतं. तो वैतागून सायकीचं (ग्रीक पुराणकथेतली सुंदरी) जुनं अर्धवट चित्र पुढे ओढतो, त्यावर हात फिरवत बसतो. मायलेकी येतात आणि बघून हरखतात: हुबेहूब आमची लिझ! हा गप्प. इथेच माणूस संपला.

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर फुटपाथवर एक चित्रकार पोर्ट्रेट काढत होता. “काका, हनुवटी जरा कमी करा ना,” मुलीची आई म्हणाली. काकांनी मान वर न करता खोडरबर घेतलं.

दुसरा भाग लिलावाने सुरू होतो, झकास. चित्रांचा लिलाव म्हटलं की मला गायतोंडे आठवतात. वर्षाला मोजकीच चित्रं करणारे, जेजे कला महाविद्यालयाचे चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले; डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं. त्यामुळे हा भाग मी आशेने वाचला. पण पुढे सावकार (चित्रातला म्हातारा तोच), शाप, मठ, प्रायश्चित्त, आणि बरंच प्रवचन. माझी खरी तक्रार हीच: सगळं सैतानाच्या माथी मारलं की लिझची आई सुटली, पेपरवाला सुटला, चेहऱ्यात युद्धदेव मार्स दाखवा म्हणणारा लष्करी अधिकारीही सुटला. चार्टकोव शेवटी उत्तमोत्तम चित्रं विकत घेऊन हसत हसत फाडतो, त्याला सैतान कशाला हवा? मत्सर पुरेसा होता.

तरी घ्याच. पहिला भाग मात्र तुकड्यातुकड्याने वाचू नका; विरार लोकलमध्ये चर्चगेटलाच बसायला मिळालं तर वाटेत आरामात होतो.