‘यूए-पार्सर’ची दुसरी आवृत्ती: वागळे इस्टेटमधील चार महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचे नऊ जणांचे कार्यालय आहे. रोगनिदान केंद्रे, शिकवणी वर्ग, गृहनिर्माण संस्था अशा ग्राहकांची संकेतस्थळे बांधणे आणि पुढे ती सांभाळणे हे आमचे रोजचे काम. संकेतस्थळावर आलेला माणूस कोणत्या ब्राउझरमधून आणि कोणत्या उपकरणावरून आला, हे ओळखण्यासाठी आम्ही ‘यूए-पार्सर डॉट जेएस’ ही लायब्ररी (आपल्या कोडमध्ये जोडायचा, इतरांनी लिहिलेला तयार कोड) अनेक वर्षे वापरत आलो आहोत. तिची दुसरी आवृत्ती आम्ही चार महिन्यांपूर्वी दोन प्रकल्पांत घेतली. तिच्यात नवे काय आले आणि ते आमच्या कितपत उपयोगी पडले, हे येथे नोंदवतो.

ही आवृत्ती का घ्यावी लागली, हे आमच्या सर्व्हरच्या लॉगवरून, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदींवरून, लगेच समजते. उपकरणाच्या रकान्यात एकेकाळी फोनचे मॉडेल स्पष्ट लिहिलेले येत असे. नंतर त्या रकान्यात एकाखाली एक ‘के’ हे एकच अक्षर दिसू लागले आणि त्याच्या शेजारी ‘अँड्रॉइड १०’. फोन नवा असो की चार वर्षांचा जुना, नोंद तीच. बिघाड आमच्याकडे नव्हता. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत स्वतःची ओळख सांगणारी जी ओळ पाठवतो, तिला यूजर-एजंट म्हणतात. वापरकर्त्याचा माग काढण्यासाठी तिचा उपयोग होऊ नये म्हणून क्रोमने ती टप्प्याटप्प्याने आटोपती घेतली. २०२२ साली १०१ व्या आवृत्तीपासून आवृत्तीच्या मोठ्या आकड्यापुढचे सर्व आकडे शून्य झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून अँड्रॉइडवरील मॉडेलही ‘के’ या अक्षराआड झाकले गेले. विंडोज ११ असले तरी ती ओळ १० असेच सांगते, आणि मॅकची प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) वर्षानुवर्षे १०.१५.७ वर थांबलेली दिसते. सफारीनेही २६ व्या आवृत्तीत आयफोनवरील प्रणालीचा आकडा १८.६ वर गोठवला. गोपनीयतेच्या दृष्टीने हे सर्व योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु केवळ त्या ओळीवर विसंबून राहणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यानंतर सांगण्यासारखे फारसे उरले नाही.

मुळात ही ओळ कधीच पुरती खरी नव्हती. नेटस्केप या जुन्या ब्राउझरसाठी बनवलेली पाने आपल्यालाही मिळावीत म्हणून इंटरनेट एक्सप्लोररने त्याच्या ओळीतले ‘मोझिला’ हे नाव धारण केले, आणि आज क्रोम, सफारी, एज हे सगळेच ब्राउझर ‘मोझिला ५.०’ या शब्दांनी आपली ओळख सुरू करतात. फायरफॉक्स ११० व्या आवृत्तीजवळ पोहोचला तेव्हा त्याच्या ओळीतील ‘आरव्ही:११०’ या आवृत्तीच्या खुणेतील पहिले दोन आकडे पाहून काही संकेतस्थळे त्याला इंटरनेट एक्सप्लोरर ११ समजतील, हे लक्षात आले. म्हणून ११० ते ११९ या आवृत्त्यांत तो आकडा १०९ वरच थांबवून ठेवावा लागला. ओळखीचे काम नुसत्या अक्षरांच्या जुळणीवर सोडले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसऱ्या आवृत्तीतील सर्वांत मोलाची भर आहे ती क्लायंट हिंट्सची, म्हणजे ब्राउझर त्या ओळीखेरीज स्वतंत्रपणे देतो त्या माहितीची. क्रोम आणि त्याच्या कुळातील ब्राउझर आता तीन जुजबी गोष्टी आपणहून सांगतात: ब्राउझरचे नाव व मुख्य आवृत्ती, उपकरण मोबाइल आहे की नाही, आणि प्रणाली कोणती. फोनचे मॉडेल, प्रणालीची नेमकी आवृत्ती असा तपशील हवा असेल तर सर्व्हरने तो ‘ॲक्सेप्ट-सीएच’ या हेडरद्वारे (विनंती किंवा उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीद्वारे) मागावा लागतो. लायब्ररीतील ‘विथ क्लायंट हिंट्स’ ही नवी मेथड (लायब्ररीकडून काम करून घेण्याची आज्ञा) ही उत्तरे जुन्या ओळीशी जोडून एकच निकाल देते. ती वापरू लागल्यावर आमच्या लॉगमधील ‘के’च्या जागी पुन्हा मॉडेल दिसू लागली आणि विंडोज १० व ११ वेगळे झाले. विंडोजच्या बाबतीत हिंटमधील आकडा १३ किंवा त्याहून मोठा असेल तर ती प्रणाली ११ असते. हा हिशेब पूर्वी आम्ही आमच्या कोडमध्ये हाताने करत होतो. तो आता लायब्ररीकडे गेला.

या सोयीला काही मर्यादा आहेत आणि त्या आधी समजून घेतल्या नाहीत तर फुकट वेळ जातो. आमचा अर्धा दिवस असाच गेला. आमच्या टेबलाच्या खणात चाचणीसाठी ठेवलेले सात फोन आहेत. ते कार्यालयातील वाय-फायवर घेऊन संगणकाच्या आयपी पत्त्यावरून पान उघडले, तर एकाही फोनकडून हिंट येईना. कोड तीनदा तपासल्यानंतर कारण सापडले: हिंट्स फक्त सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर येतात आणि आम्ही साध्या एचटीटीपीवर पाहत होतो. दुसरी गोष्ट अशी की मागितलेला तपशील पहिल्या विनंतीसोबत येत नाही, तो दुसऱ्या विनंतीपासून येतो. पहिल्यापासूनच हवा असेल तर ‘क्रिटिकल-सीएच’ हेडर लावावा लागतो, आणि त्यामुळे ब्राउझर पहिली विनंती पुन्हा पाठवतो. घोडबंदर रस्त्यावर धावत्या बसमधून मोबाइल डेटावर पान उघडणाऱ्या माणसाला तो जादाचा फेरा जाणवतो. म्हणून आकडेवारीसाठी आम्ही तो हेडर लावत नाही. फायरफॉक्स आणि सफारी हिंट्स पाठवतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबतीत लायब्ररीला जुन्या ओळीवरच काम भागवावे लागते.

‘विथ फीचर चेक’ या दुसऱ्या नव्या मेथडबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण तिचा संबंध आमच्या हातून झालेल्या एका चुकीशी आहे. नौपाड्यातील एका रोगनिदान केंद्राचे कर्मचारी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतात आणि रुग्णाची संमतीची सही टॅबलेटच्या पडद्यावर बोटाने घेतात. सहीची चौकट केवळ मोबाइल आणि टॅबलेटवर दाखवायची, असे आम्ही सर्व्हरवर ठरवून टाकले होते. केंद्राने जुने अँड्रॉइड टॅबलेट बदलून आयपॅड घेतले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता कासारवडवलीहून त्यांच्या एका कर्मचारी ताईंचा फोन आला. “सर, आजोबा उपाशीपोटी बसलेत आणि सहीचा चौकोनच दिसत नाहीये. काय करू?” त्या सकाळी कागदावर सही घेऊन वेळ निभावली. पण त्या आजोबांना आमच्यामुळे वीस मिनिटे ताटकळावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

कारण साधे होते. २०१९ मधील आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरील सफारी स्वतःची ओळख मॅक संगणक अशी करून देतो. सर्व्हरपर्यंत पोहोचणाऱ्या ओळीत आयपॅड हा शब्दच नसतो आणि सफारी हिंट्सही देत नाही. त्यामुळे सर्व्हरवर लायब्ररीची कोणतीही आवृत्ती वापरली तरी आयपॅड ओळखता येणार नाही. ‘विथ फीचर चेक’ ही तपासणी ब्राउझरमध्येच करते: पडद्यावर एकाच वेळी किती बोटांचे स्पर्श ओळखले जातात, यासारख्या खुणा पाहून ती मॅक आणि आयपॅड वेगळे करते. आम्ही निर्णय सर्व्हरवरून ब्राउझरमध्ये आणला आणि खणातल्या जुन्या आयपॅडवर तो पहिल्याच फटक्यात बरोबर आला. ब्रेव्ह हा ब्राउझर एरवी क्रोमसारखाच दिसतो. तोही या तपासणीत ओळखू येतो. तथापि सहीच्या चौकटीचा प्रश्न आम्ही शेवटी या लायब्ररीवर सोडला नाही. पडद्याला स्पर्श समजतो का, एवढेच ब्राउझरला विचारतो आणि समजत असेल तर चौकट दाखवतो. ओळख पटवणारे सॉफ्टवेअर कितीही सुधारले तरी एखादी सोय द्यायची की नाही, हे उपकरणाच्या नावावरून ठरवू नये, अशा मताचा मी या प्रसंगानंतर झालो आहे.

बाकीच्या सुधारणा थोडक्यात सांगता येतील. निकालात आता ब्राउझरचा प्रकारही मिळतो, त्यामुळे इन्स्टाग्रामसारख्या ॲपच्या आत उघडलेले पान वेगळे काढता येते. आमच्या एका शिकवणी वर्गाच्या जाहिराती तेथेच असतात आणि ॲपमधल्या अशा ब्राउझरमध्ये गुगल खात्याने प्रवेश करण्याची परवानगी नसते. अशा विद्यार्थ्याला आता आधीच “हे पान क्रोममध्ये उघडा” अशी सूचना दिसते. शोधयंत्रांचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे बॉट, म्हणजे पाने आपोआप वाचणारे प्रोग्राम, ओळखण्याचे नियम स्वतंत्र विस्तारात दिलेले आहेत. ते मागवून जोडावे लागतात, आपोआप लागू होत नाहीत. जिओफोनमधील कायओएस ही प्रणाली पूर्वीप्रमाणेच ओळखली जाते. ब्राउझरमध्ये ‘विथ क्लायंट हिंट्स’ प्रॉमिस परत करते, म्हणजे निकाल लगेच न देता थोड्या वेळाने देते, म्हणून जेथे निकाल लगेच हातात येतो असे गृहीत धरले होते, तेथील कोड आम्हाला बदलावा लागला. नोड या सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरील सर्व्हरमध्ये हेडर दिले की निकाल थेट मिळतो.

आता परवान्याविषयी, कारण निर्णय येथेच अडतो. पहिली आवृत्ती एमआयटी या फारशा अटी नसलेल्या मुक्त परवान्याखाली होती. दुसरी एजीपीएल परवान्याखाली मोफत आहे किंवा प्रो परवाना विकत घ्यावा लागतो. एजीपीएलखालील घटक जोडून नेटवर्कवरून सेवा दिली तर स्रोत कोड वापरकर्त्यांना उपलब्ध करण्याची जबाबदारी येते, आणि ग्राहकाच्या बंद प्रकल्पात ते शक्य नसते. आम्ही दोन्ही प्रकल्पांसाठी प्रो परवाना घेतला आणि ती रक्कम ग्राहकांच्या बिलात स्वतंत्र दाखवली. कितीतरी वर्षे फुकट वापरलेल्या कामाचे पैसे देताना मला अन्याय वाटला नाही. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी या लायब्ररीचे एनपीएम या जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या सार्वजनिक भांडारावरील खाते बळकावून ०.७.२९, ०.८.० आणि १.०.० या आवृत्त्यांत क्रिप्टो-मायनर (दुसऱ्याच्या संगणकावर आभासी चलन कमावणारा प्रोग्राम) आणि पासवर्ड चोरणारा कोड घुसवण्यात आला होता. अशा आधारभूत कामाची नीट देखभाल व्हायला हवी, हे तेव्हाच पटले होते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक लॉकफाइलमध्ये (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) पक्का करतो आणि नवी आवृत्ती आली तरी आठवडाभर थांबून मगच घेतो.

हिंट्स मागता येतात म्हणून सगळ्या मागायच्या, असेही आम्ही करत नाही. मॉडेल, नेमकी आवृत्ती, प्रोसेसरची रचना हे सगळे एकत्र केले की एकेक माणूस वेगळा ओळखता येऊ लागतो, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हेतूपुरताच डेटा घेण्याची अपेक्षा ठेवतो. रोगनिदान केंद्राच्या संकेतस्थळावर आम्ही मॉडेल आणि प्रणालीची आवृत्ती या दोनच गोष्टी मागतो. घोडबंदर रस्त्यावरील गृहनिर्माण संस्थेचे तक्रार नोंदवण्याचे पान मात्र आम्ही पहिल्याच आवृत्तीवर ठेवले आहे. तेथे उपकरण ओळखून काहीच ठरवायचे नसते, आणि पुढच्या महिन्यात त्या पानावरून ही लायब्ररी पूर्णपणे काढण्याचे काम हाती घेणार आहोत.