भांडण मिटवायचं शिबिर: पैसे वसूल, पण दुसऱ्या दिवशी

खानापूरला दोन दिवसांचं शिबिर केलं. फी 300 रुपये, जेवणासकट. बांधावरून चुलतभावाशी नऊ वर्षं बोलणं बंद, म्हणून बायकोनं परस्पर नाव घातलेलं.

पहिला दिवस कंटाळवाणा. माईक खरखरत होता. विषय काय, तर दक्षिण आफ्रिकेचा 1995 चा सत्य आणि सलोखा आयोग, म्हणजे वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणारा, आणि त्याचे अध्यक्ष डेस्मंड टुटू. आमच्या भाऊबंदकीत त्याचं काय? एक मात्र पटलं, तिथं शिक्षामाफी हवी तर आधी केलेलं सगळं उघड सांगावं लागे. लोकअदालतीचंही नीट सांगितलं: तडजोड झाली की निवाडा अंतिम, अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. हे वकिलानं कधी सांगितलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी समोरच्याचं गाऱ्हाणं 'मी' म्हणून बोलायचं होतं. मी दादा, म्हणजे तो चुलतभाऊ, झालो. बांधाचा दगड सरकवल्याचं बोलायला गेलो आणि तोंडातून निघालं, "माझ्या आईच्या तेराव्याला तू आला नाहीस." पुढं बोलताच येईना. शिकवणाऱ्या बाईंनीही घाई केली नाही, पाणी दिलं.

कुणी 'माफ कर रे' म्हणायला लावलं नाही, हे सर्वांत आवडलं. जेवणातली आमटी पाणचट.

रविवारी कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन दादाच्या दारात गेलो. डबा घेतला नाही, पण "बस" म्हणाला.