फोटोवाल्याला दिलेले पैसे आणि हातात आलेल्या फाइली : दिवाळीपासूनचा अनुभव

दुकानाचा कॉम्प्युटर यंदा ऐन मे महिन्यात गेला. लातूरचा उन्हाळा, त्यात व्होल्टेजचं वर-खाली. हार्ड डिस्क आधी टकटक वाजायला लागली आणि मग उघडेचना. दुरुस्तीवाल्यानं डेटा काढायचे आठ हजार सांगितले, वर "निघेलच असं नाही वहिनी" हेही सांगून टाकलं. हिशेबाच्या फाइली सीएंकडे होत्या, त्यांची काळजी नव्हती. पण दिवाळीत काढलेले घरच्यांचे फोटो, दुकानातल्या मालाचे फोटो आणि माझ्या माहेरच्या सप्ताहाचे फोटो, सगळे त्याच डिस्कवर. फोटोवाल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, रिकामा पेनड्राइव्ह पाठवून द्या, चौसष्ट जीबीचा. आजच भरून देतो." संध्याकाळी दुकानातला माणूस जाऊन घेऊन आला. तिन्ही कामांची वेगळी फोल्डरं, तारीख आणि नाव टाकलेली, फोटो मूळ साइझमध्ये. पैसे विचारले तर म्हणाला, "ते आपलं ठरलंच होतं की."

ठरलं होतं हे खरं. पण ठरलेलं सहा महिन्यांनी, फोनवर, एका शब्दात पाळणारा माणूस या धंद्यात मला पहिल्यांदा भेटला, म्हणून एवढं लिहिते आहे.

आमचं भांड्यांचं दुकान गंजगोलाईच्या एका रस्त्यावर आहे. त्या गोलाला सोळा रस्ते मिळतात, त्यामुळे कोणता ते सांगून काही कळणार नाही. हा फोटोवाला मुलगा तिशीच्या आतला आहे, एकटाच काम करतो, एडिटिंगला एक जण ठेवला आहे. मी त्याला तीन कामं दिली. घरच्यांचे फोटो ४,५०० रुपये, दुकानाचे ९,०००, सप्ताहाची एक रात्र आणि काल्याचा दिवस मिळून ६,०००. अल्बम वेगळा, ५,५००. नुसत्या दुकानाच्या फोटोंचे दुसऱ्या एकानं पंधरा हजार सांगितले होते, म्हणून याच्याकडे गेले. सुरुवात भावापासूनच झाली, ते लपवण्यासारखं काही नाही.

मूळ फाइलींवर मी एवढी का अडून बसते, ते आधी सांगते. माझ्या नणंदेच्या लग्नाचे फोटो एका जुन्या स्टुडिओनं काढले होते. अल्बम दिला, पण फाइली मागितल्या तर म्हणे "आमच्याकडे फाइल द्यायची पद्धत नाही." वरचे पैसे मागितले, आमच्या ह्यांनी तेही कबूल केले. तोवर स्टुडिओची डिस्क बिघडली होती. सगळं गेलं. आता आमच्याकडे अल्बम आहे तेवढाच. त्यातली दोन पानं पावसाळ्यात एकमेकांना चिकटली, ती सोडवताना नणंदेच्या कन्यादानाचा फोटोच फाटला. दुसरा प्रिंट कुठून काढणार?

आणि हा हक्काचाही प्रश्न आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की मोबदला देऊन, आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. म्हणजे ‘पद्धत नाही’ हे काही उत्तर नव्हे. पण मालकी कागदावर असून काय करता, फाइल त्याच्या डिस्कमध्ये. म्हणून या वेळी अॅडव्हान्स देण्याआधीच मी पावतीच्या मागे लिहून घेतलं : निवडलेले सगळे फोटो मूळ साइझमध्ये पेनड्राइव्हवर द्यायचे, आणि एक वर्षभर तुमच्याकडेही एक प्रत ठेवायची. त्यानं वाचलं आणि सही करताना म्हणाला, "एक नाही काकू, दोन ठेवतो. एक दुकानात, एक घरी." तेव्हा मला हे गिऱ्हाईक पटवायचं बोलणं वाटलं होतं. मे महिन्यात त्याच घरच्या प्रतीवरून माझा पेनड्राइव्ह भरला गेला, कारण त्याच्या दुकानात त्या दिवशी लाइट नव्हती.

माझं माहेर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीची माळवदं, ती झोपलेल्या माणसांवर आली. आमची आजी त्यात गेली. तिचा आयुष्यात एकच फोटो काढलेला होता, तालुक्याच्या गावी, स्टुडिओत उभं राहून. तो ओसरीच्या भिंतीवर असायचा, भिंतीबरोबर गेला. वडील नंतर त्या स्टुडिओत निगेटिव्ह मागायला गेले. जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदी असते, ती काढणारे लोक किलोनं निगेटिव्ह विकत घ्यायचे. आजीची निगेटिव्हही त्यातच गेली होती. माझ्या मुलीला पणजी दाखवायला आमच्याकडे काहीच नाही. म्हणून फोटो छान आला की नाही, हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. तो उरेल का, हे आधी विचारते.

आता कामाबद्दल.

दुकानाचे फोटो उत्तम. इथं तक्रारीला जागाच नाही. स्टीलचं भांडं फोटोत घेणं अवघड असतं, कारण डब्यात फोटो काढणाराच दिसतो, त्याच्या मागचं दार दिसतं, रस्त्यावरची रिक्षासुद्धा दिसते. यानं दोन पांढऱ्या चादरी काठ्यांना बांधून मधे भांडं ठेवलं, लाइट चादरीच्या बाहेरून मारली आणि लेन्सपुरती फट सोडली. मग दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या केल्या. त्या कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, पांढऱ्यात पांढरं मिसळून जातं, काळ्या पट्टीचं प्रतिबिंब पडलं की डब्याची कड उठून दिसते. तांब्याच्या हंड्याला मात्र जरा पिवळट लाइट घेतली. एकेका वस्तूला एवढा वेळ लागतो हे बघून ह्यांचा जीव वर-खाली होत होता, कारण गिऱ्हाईक बाहेर उभं होतं. पण आज निलंग्याहून, उदगीरहून लोक मोबाईलवर फोटो बघून लग्नाच्या भांड्यांचा सेट सांगतात आणि "फोटोत होता तसाच आहे" म्हणून घेऊन जातात. माल परत यायचं प्रमाण खूप कमी झालंय.

दुकानाच्या आतले फोटो घेताना एक गोष्ट नवीन कळली. आमच्याकडे स्वस्तातल्या एलईडी ट्यूब आहेत. मी मोबाईलवर फोटो काढला की त्यात आडवे काळे पट्टे यायचे, मला वाटायचं मोबाईल खराब. त्यानं सांगितलं की आपली वीज ५० सायकलची, म्हणून साध्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर फार वेगात ठेवलं की तो चढ-उतार फोटोत पकडला जातो. त्यानं कॅमेरा स्टँडवर लावून शटर १/५० वर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर, ठेवलं, पट्टे गायब. हे न विचारता समजावून सांगितलं, याचे गुण मी वेगळे देईन.

घरच्या फोटोंवर मात्र माझं मत मधेच बिघडलं होतं. आमच्या सासूबाई सावळ्या आहेत, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, लहानपणी जत्रेत गोंदवलेलं. पहिल्या फेरीत फोटो आले त्यात सासूबाई गोऱ्यापान, गाल गुळगुळीत आणि हनुवटीवरचं गोंदण पुसलेलं. त्यांनी चष्मा लावून फोटो जवळ धरला आणि म्हणाल्या, "ही कोण?" मला इतका राग आला की उरलेले पैसे अडवायचे असं ठरवलं. आमच्याकडं म्हातारं माणूस गेलं की लोक धावतपळत आधार कार्डावरचा नाहीतर लग्नातल्या घोळक्यातला चेहरा कापतात, दुसऱ्याच्याच अंगावरच्या कोटाला चिकटवतात आणि त्या फोटोला हार घालतात. ते होऊ नये म्हणून तर हे पैसे खर्च केले होते. माणूस जिवंत असताना, त्याला बसवून, त्याच्या मनासारखा पदर घेऊन काढलेला फोटो हवा होता. त्यात गोंदणच नाही तर ती बाई आमची सासू कशी?

फोन केला तेव्हा त्यानं वाद घातला नाही. एडिटिंगवाल्या मुलानं सगळ्या फोटोंना एकच फिल्टर मारला होता, लग्नाच्या कामात सगळे गोरंच करून मागतात म्हणून. यानं ते फोटो स्वतः मूळ फाइलीवरून पुन्हा केले. दुसऱ्या फेरीत रंग जसाच्या तसा, गोंदणाचा निळसर-हिरवा ठिपका न् ठिपका दिसतो, नथीखालची सुरकुतीसुद्धा. सासूबाईंनी तो फोटो देवघराशेजारी लावून घेतला. तिथं माझा राग गेला. तरीही सांगते, गोरं करू नका हे आधी बजावून सांगावं लागतं. पहिल्या फोटोपासून ते न सांगता व्हायला हवं.

सप्ताहाचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. माघात किल्लारीला अखंड हरिनाम सप्ताह होता, मी भावकीच्या वतीनं फोटोंचा खर्च उचलला. कीर्तनकार महाराजांच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही, एवढीच मंडळींची अट होती. त्यानं दोन दिवसांत एकदाही फ्लॅश लावला नाही. मंडपाचं कापड लाल-पिवळं, दिवसा त्यातून ऊन खाली येतं आणि सगळ्यांचे चेहरे नारिंगी दिसतात. यानं आल्या आल्या एका टाळकऱ्याच्या पांढऱ्या टोपीचा फोटो घेतला आणि त्यावरून रंग बसवला. काल्याच्या फोटोत धोतरं खरोखर पांढरी आणि बुक्का काळा दिसतो.

रात्रीचा एक फोटो आहे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, पहाऱ्याचा माणूस बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटे तीनच्या सुमारास आमच्या चुलत्यांनी वीणा शेजारच्या तरुण पोराला दिली, दोघांचे हात तिच्यावर आहेत आणि एकमेकांच्या पाया पडायला दोघंही वाकलेले. अंधार म्हणून फोटोत दाणे दिसतात. गावातल्या काहींनी ‘फोटो फुटलाय’ म्हणून नाव ठेवलं. मला तो तसाच हवा.

त्या पहाटेसाठी तो मंडपात सतरंजीवर बसून राहिला होता. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. फाइलींना माणसांची नावं द्यायचे मात्र ५०० रुपये घेतले. मी आणि वडिलांनी बसून पंगतीतल्या, दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांची नावं लिहून दिली होती आणि ती फाइलीत टाकून मागितली. तो आधी नको म्हणत होता, शेवटी केलं. पाचशे रुपये मला तेव्हा फार वाटले. आता पेनड्राइव्ह उघडून वडिलांच्या वर्गमित्राचं नाव टाकलं की त्यांचा फोटो समोर येतो, त्यामुळे त्यावर बोलणार नाही.

आता वाईट गोष्टी. लग्नसराईत हा माणूस फोन उचलत नाही. तिथी दाट असली की दोन-दोन दिवस उत्तर नाही. अल्बम सांगितलेल्या तारखेच्या कितीतरी नंतर आला आणि उन्हाळ्यात त्याची तीन पानं कडेनं सुटली. अल्बम तो स्वतः छापत नाही, बाहेरच्या लॅबकडून येतो. लॅबवाल्यांचं म्हणणं, तुम्ही अल्बम गरम जागी ठेवला. लातुरात मे महिन्यात गरम नसलेली जागा कोणती, ती लॅबनं सांगावी. लोखंडी कपाटात ठेवलेला अल्बम सुटत असेल तर डिंकच कच्चा आहे. मी ५,५०० दिले ते फोटोवाल्याला, लॅबला नाही, त्यामुळे भांडणही त्याच्याशीच घातलं. त्यानं निम्मा खर्च स्वतः सोसून नवीन प्रत करून द्यायचं कबूल केलं. निम्मा का, पूर्ण का नाही, हे मला अजून पटलेलं नाही. मी निम्मे दिलेत, पण ‘पाने सुटल्यास बदलून मिळेल’ असं या वेळीही पावतीच्या मागे लिहून घेतलं आहे.

अल्बमचा मोह कमी ठेवा, हे मात्र सांगेन. १२ बाय ३६ इंचाचं एक उघडलेलं पान डिझाइनमध्ये इतकं भरतात की फुलं आणि शायरीच जास्त दिसते. त्यापेक्षा निवडक फोटो फोटो-पेपरवर सुटे छापून घ्या. या फोटोवाल्याची फाइल ६,००० बाय ४,००० पिक्सेलची येते, म्हणजे ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंचाचा प्रिंट निघतो. भिंतीवरच्या फ्रेमला ते भरपूर झालं. आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोला मूळ फाइल समजू नका. साध्या पद्धतीनं पाठवला की तो दाबून काही शे केबीचा होतो, मोबाईलवर छान दिसतो पण मोठा छापला की चिरा पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा.

दुकानाच्या फोटोंवर कोपऱ्यात त्याचं नाव यायचं, ते मी काढायला लावलं. सप्ताहाच्या फोटोंवर राहू दिलं, कारण गावातल्या दोघांनी ते बघूनच त्याला बारशाचं काम दिलं आणि त्याला चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे.

गणपतीच्या दहा दिवसांसाठी आमच्या मंडळानं त्यालाच सांगितलं आहे. भाव दोन हजारांनी वाढवला, मी घासाघीस करून ती वाढ एक हजारावर आणली, त्यात विसर्जनाची रात्र धरलेली आहे. अल्बमची नवी प्रत यायची आहे. ती आल्यावर लोखंडी कपाटातच ठेवणार आहे, पुढच्या मे महिन्यात पानं धरून राहतात का ते कळेल.