गूगल कीप: चवथीच्या यादीला झकास, ऑफिसच्या फायलींना नको

व्हॉट्सअॅपवर यादी टाकली की तासाभरात ती गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडली जाते, मग "अरे ती लिस्ट परत टाक रे कोणीतरी", हे ज्यांच्या घरी होतं त्यांच्यासाठीच हे लिहितोय. आमचं मूळ घर गोव्यात माशेलला, माणसं पणजी, वास्को, पुणे अशी पांगलेली, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळी एका छपराखाली, म्हणजे सामानाची यादी कोणा एकाची नसतेच मुळी.

गूगल कीप या नोट्स लिहायच्या अॅपमध्ये चेकलिस्ट केली, प्रत्येकाचा जीमेल कोलॅबोरेटर (नोटमधला भागीदार) म्हणून घातला, झालं काम. अॅप फुकट आहे, 2013 पासून चालू आहे, आणि मुख्य म्हणजे शिकवावं लागत नाही, कारण ज्या अॅपला शिकवणी लागते ते आमचे काका उघडतच नाहीत. टिक मारली की नाव खाली जातं आणि बाकीच्यांच्या फोनवरपण जातं हे बघून तेच म्हणाले, "बरें आसा मरे हें."

खरी मजा माटोळीची. बाहेरच्यांसाठी सांगतो, गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली नि परसातली फळं-फुलं बांधतात ती माटोळी. आता पुण्यात वाढलेल्या पोरांना कांगलां, नागूलकुडे, फागलां कशाशी खातात ते कुठून कळणार! मग एका नोटमध्ये फोटो टाकले. कीपमध्ये फोटो सगळे वरती एकगठ्ठा येतात, यादीतल्या नावाशेजारी येत नाहीत, पण फोटो उघडून त्याच्यावर बोटाने लिहिता येतं, सो वहिनीने प्रत्येक फोटोवर नाव गिरगटून ठेवलंय. अक्षर कोंबडीचे पाय, पण आंबाडा कुठला नि तोरिंग कुठलं ते कळतं. बाजारात रेंज गेली तरी फोनवर नोट उघडते, टिक पण होते, फक्त ती दुसऱ्याकडे पोचते रेंज आल्यावर, तेव्हा एकच वस्तू दोघांना सांगू नका.

आता जे नाही ते. फोल्डर नाहीत, नुसती लेबलं, आणि अख्खं लेबल शेअर होत नाही, प्रत्येक नोट वेगळी शेअर करत बसा. नुसतं वाचायला देता येत नाही, ज्याला दिली तो खोडूही शकतो. टिक कोणी मारली तेही दिसत नाही, म्हणजे "नारळ आणले?" हा फोन करावाच लागतो. त्यामुळे ऑफिसात, जिथे कोणी काय बदललं यावरून उद्या भांडण होणार, तिथे हे वापरू नका, सरळ गूगल डॉक्स घ्या, कीपची नोट तिकडे कॉपी करता येते.

आरत्या, पातोळ्या-नेवऱ्यांचं प्रमाण असा लांबलचक मजकूर मी मायक्रोसॉफ्टच्या वननोट अॅपमध्ये ठेवतो, तिथे वहीसारखे सेक्शन आणि पानं पडतात, शोधायला बरं. एव्हरनोटचं नाव अजून बरेच जण घेतात पण डिसेंबर 2023 पासून त्याच्या फुकट प्लॅनमध्ये 50 नोट्स आणि एकच नोटबुक, तेवढ्यात काय होणार. नोशन चांगलं आहे, पण ते ज्याला टेबलं सजवायची हौस त्याच्यासाठी, काकांसाठी नाही. आणि बँकेचे पासवर्ड कीपमध्ये प्लीज नको, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (कंपनीलाही मजकूर वाचता येऊ नये असं कुलूप) नाही तिथे, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर वापरा नायतर जॉपलिन हे नोट्सचं अॅप बघा, त्यात ते चालू करता येतं.

चवथ झाली म्हणून यादी डिलीट मारू नका हां. पुढच्या वर्षी मेनूत जाऊन सगळ्या टिका एकदम काढता येतात, गेल्या वर्षीची नोंद हवी असेल तर आधी एक कॉपी करून घ्यायची.