सुइका कार्ड: टोकियोत कित्येक महिने वापरल्यावरचा अनुभव, जपानला फिरायला येणाऱ्यांसाठी

जपानचा व्हिसा हातात आला की ओळखीतल्या प्रत्येकाचा पहिला मेसेज ठरलेला, "अगं, कुठला पास काढू?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, पासचं नंतर बघू, आधी सुइका घे. मी ऑनसाइट आल्यापासून निशी-कासाईला राहते, रोज तोझाई लाइनच्या त्या भयंकर गर्दीत स्वतःला कोंबून ऑफिसला जाते, आणि पहिल्या दिवसापासून पर्समध्ये हेच कार्ड आहे. मधे आई-बाबा येऊन गेले, मग मावशी आणि काका, त्यामुळे पाहुण्यांचं नेमकं कुठे अडतं तेही जवळून बघून झालंय.

आधी एक गैरसमज काढून टाका, सुइका हा पास नाहीये. मुंबईत लोकलचा पास काढला की महिनाभर कितीही फिरा, तसं सुइकाचं नाही, हे नुसतं पैसे भरून ठेवायचं पाकीट आहे. जेवढा प्रवास तेवढे पैसे कापले जाणार. तिकिटापेक्षा थोडे येन कमी लागतात कधीकधी, कारण कार्डावर भाडं एकेक येनच्या हिशोबाने लागतं, पण त्याला बचत म्हणायचं धाडस मी करणार नाही. वाचतो तो वेळ. टोकियोत जेआर म्हणजे जपान रेल्वे वेगळी, टोकियो मेट्रो वेगळी, तोएइ सबवे वेगळी, वर आणखी डझनभर प्रायव्हेट लाइनी, आणि प्रत्येकीचं तिकीट मशीन आणि भाड्याचा नकाशा निराळा. कार्ड असलं की यातलं काहीच बघावं लागत नाही.

सुइका जेआर ईस्टचं, म्हणजे जेआरच्या पूर्वेकडच्या कंपनीचं, २००१ पासून आहे. पासमो, इकोका वगैरे नावं ऐकून गोंधळू नका, २०१३ पासून देशातली अशी १० कार्डं एकमेकांच्या भागात चालतात. ओसाकाला उतरणार असाल तर इकोका घ्या, टोकियोला उतरलात तर सुइका किंवा पासमो, जे आधी मिळेल ते.

आता गेट. इथली बरीचशी गेटं उघडीच असतात, काही चुकलं तरच फटकन बंद होतात आणि मागून येणारा माणूस तुमच्या पाठीवर आदळता आदळता थांबतो. कार्ड टेकवलं की पीप, आणि बाहेर पडताना छोट्या स्क्रीनवर कापलेलं भाडं आणि उरलेला बॅलन्स दिसतो, तो बघायची सवय लावा. पाकिटातून काढायची गरज नाही, नुसतं पाकीट टेकवलं तरी वाचतं. पण एकाच पाकिटात अशी दोन कार्डं असतील तर गेट अडतं. बाबांनी माझं जुनं पासमो आणि स्वतःचं नवं कार्ड एकाच कप्प्यात ठेवलेलं, उएनोला गेट बंद, बाबा जागेवर उभे आणि मागे अख्खी रांग, कुणी एक शब्द बोलत नाही पण बाबांना घाम. अशा वेळी बाजूच्या खिडकीत स्टेशनचा माणूस असतो त्याच्याकडे जायचं. भाषा येत नसली तरी हरकत नाही, कार्ड पुढे केलं की तो मशीनवर ठेवून अर्ध्या मिनिटात निस्तरतो.

मावशीचा प्रश्न होता, दोघांत एक कार्ड चालेल ना? नाही चालत. माणशी एक, कारण आत कुठून शिरलात ते त्या कार्डावरच लिहिलं जातं. आणि कुणाच्या मागोमाग टेकवल्याशिवाय बाहेर पडलात तर पुढच्या वेळी कार्ड आत घेत नाही, त्याच्या लेखी तुम्ही अजून कालच्याच ट्रेनमध्ये आहात. साधारण ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं असतं पण त्यांचं कार्ड वेगळं आणि वय दाखवायला पासपोर्ट लागतो, सहाच्या आतली पोरं मोठ्या माणसाबरोबर असली की फुकट, एका मोठ्यामागे दोन.

माझी खरी तक्रार चार्जिंगबद्दल आहे. इतकी प्रगत सिस्टिम आणि पैसे भरायला लागते रोकड! स्टेशनवरच्या मशीनमध्ये इंग्लिशचं बटण असतं, कार्ड आत सरकवायचं, हजार, दोन हजार, पाच हजार जे हवं ते दाबायचं आणि नोट घालायची, तिथे आपलं क्रेडिट कार्ड घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. कोन्बिनीत म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टसारख्या कोपऱ्यावरच्या दुकानांतही काउंटरवर भरून मिळतं, तेही रोखच. त्यामुळे निघतानाच थोडे येन हातात ठेवा किंवा सेव्हन बँकेच्या एटीएममधून काढा, पण त्याआधी भारतातून निघतानाच बँकेच्या अॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा. काका हे विसरून आले होते आणि त्यांच्या बँकेचा ओटीपी भारतातल्या बंद सिमवर, त्या दोन दिवसांत सगळा खर्च आमच्या रोकडीतून, नंतर हिशोब करताना काकांचं तोंड बघण्यासारखं होतं. कार्डात जास्तीत जास्त २०,००० येन मावतात, पण तेवढे भरू नका. एका वेळी दोन-तीन हजार पुरे. हरवलं तर साध्या, नाव नसलेल्या कार्डाचे पैसे गेलेच समजा.

फोनवर घेऊ का, हाही प्रश्न असतोच. आयफोनवर सुइका येतं, भारतात घेतलेल्या फोनवरसुद्धा, फक्त आपल्या बँकेचं कार्ड त्या वॉलेटमध्ये अॅड होतंय का ते घरीच करून बघा, नाहीतर एअरपोर्टवर उभं राहून डोक्याला शॉट. अँड्रॉइडवाल्यांनी नाद सोडा, जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मॉडेललाच चालतं. आईबाबांसारख्यांना तर प्लास्टिकचंच द्या, फोनची बॅटरी संपली वगैरे भानगड नको.

प्लास्टिकमध्ये दोन प्रकार. साधं सुइका, ५०० येन डिपॉझिट, ते परत मिळतं. आणि टुरिस्टांसाठी लाल रंगाचं वेलकम सुइका, डिपॉझिट नाही पण २८ दिवसांनी बंद आणि उरलेले पैसे परत नाहीत. २०२३ मध्ये चिपच्या टंचाईमुळे साध्या कार्डांची विक्री थांबवली होती, म्हणून नेटवर अजून "सुइका मिळत नाही" असे सल्ले फिरतात, ते जुने आहेत, मार्च २०२५ पासून पुन्हा मिळायला लागलीत. आठ-दहा दिवसांसाठी येणाऱ्याने वेलकम घेतलं तरी चालेल, पुन्हा यायचा विचार असेल तर साधंच घ्या.

आता जिथे सुइका चालत नाही ते, कारण लोक इथेच आपटतात. नारिता एक्सप्रेस आणि स्कायलायनर या एअरपोर्टच्या ट्रेनना वेगळं तिकीट लागतं, नुसतं कार्ड टेकवून बसता येत नाही. शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनलाही तसंच. आणि साध्या ट्रेनने एका कंपनीच्या भागात चढून दुसऱ्या भागात उतरायचं नाही. टोकियोकडून निघून अतामीच्या पुढे गेलात की जेआर सेंट्रलचा भाग सुरू, तिथल्या गेटवर कार्ड अडतं आणि रोख भरून वर एक चिठ्ठी घेऊन फिरावं लागतं. लांबचं जायचं असेल तर कागदी तिकीट काढा. कुमामोतोला जाणार असाल तर तिथल्या पाच बस आणि रेल्वे कंपन्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ही कार्डं घेणं बंद केलं. ओसाका मेट्रो आणि फुकुओकाच्या सबवेत मात्र टॅप करायचं क्रेडिट कार्ड थेट गेटवर चालतं.

जेआर पासबद्दल, म्हणजे ठरलेले दिवस जेआरच्या ट्रेनने देशभर फिरायच्या टुरिस्ट पासबद्दल विचाराल तर, ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो एका बाजूचं भाडं साधारण १४,००० च्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन २८ हजार. ट्रॅव्हल एजंट अजून डोळे मिटून हा पास गळ्यात मारतात. आमच्याच ओळखीच्या एका कुटुंबाने टोकियो, क्योटो आणि परत टोकियो एवढ्यासाठी चौघांचे चार पास घेतले, जवळजवळ नव्वद हजार येन पाण्यात. टोकियोतच दोन-तीन दिवस भरपूर फिरणार असाल तर २४, ४८ किंवा ७२ तासांचं टोकियो सबवे तिकीट बघा, फक्त ते जेआरच्या यामानोते लाइनवर चालत नाही, तिथे परत सुइका.

बसचं थोडं उलटसुलट आहे. टोकियोच्या तोएइ बसमध्ये पुढून चढून लगेच पैसे, क्योटोच्या सिटी बसमध्ये मागून चढायचं आणि उतरताना ड्रायव्हरपाशी टेकवायचं. सुट्टे पैसे शोधत ड्रायव्हरसमोर उभं राहण्यापेक्षा कार्ड शंभर पटीने बरं.

प्रवासाशिवाय मी ते सगळ्यात जास्त वापरते कोन्बिनीत, व्हेंडिंग मशीनवर आणि कॉइन लॉकरला. शाकाहारी पाहुण्यांचा निम्मा बॅलन्स तर ओनिगिरीवरच, म्हणजे भाताच्या मुटक्यांवरच जातो. आईला उमेबोशीची ओनिगिरी आवडली, खारवलेलं आंबट फळ भातात, लोणचं-भातच तो. मिसो सूप मात्र शाकाहारी समजून पिऊ नका, त्यात बहुतेक वेळा दाशी म्हणजे माशाचं पाणी असतं.

जाताना साधं कार्ड परत करायचं असेल तर ते जेआर ईस्टच्या स्टेशनवरच होतं. ओसाकाहून फ्लाइट असेल तर सुइका तिथे परत घेत नाहीत. परत करताना उरलेल्या बॅलन्समधून २२० येन फी कापतात, म्हणून बॅलन्स आधी शून्यावर आणा. कोन्बिनीत बिलापेक्षा बॅलन्स कमी असला तरी उरलेले रोख देऊन चालतं, मग डिपॉझिटचे ५०० पूर्ण हातात. पण मी तर परत करूच नका म्हणेन, शेवटच्या वापरापासून दहा वर्षं कार्ड चालू राहतं. बाबांचं कार्ड आता आत्या घेऊन येणारेय, ते नावाचं नाही म्हणून चालतंय, नाव छापलेलं असेल तर दुसऱ्याने वापरायचं नाही.