लाँग हाइकच्या तयारीत आम्ही वापरतोय ते ट्रेकिंग पोल्स (चालताना टेकायच्या काठ्या), घ्यावेत का?

एका दिवसात 30 किमी चालायचंय म्हणून मी आणि माझी मैत्रीण सध्या दर वीकेंडला अंतर थोडं थोडं वाढवत चालतोय, आणि या सगळ्यात जास्त उपयोगी काय पडलं तर हे ॲल्युमिनियमचे पोल्स! चढावर मदत होतेच पण खरा फरक उतारावर कळतो, गुडघ्यांवरचा बराच भार हातांवर जातो, मैत्रिणीचे गुडघे उतरताना हमखास कुरकुर करायचे ते आता खूपच कमी झालंय.

लांबी मात्र नीट सेट करा हां. सपाटीवर कोपर 90 अंशात यायला हवं, चढाला 5-10 सेंमी कमी करायची आणि उताराला तेवढीच वाढवायची. मुठीजवळच्या पट्ट्यात हात खालून वर घालून मग मूठ धरायची, म्हणजे जोर पट्ट्यावर येतो, बोटं आवळून ठेवावी लागत नाहीत, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही.

लांबी पक्की करायचं लॉक क्लिपवालंच बघा, ओल्या हातांनी फिरवायचं लॉक धड घट्ट होत नाही. कार्बनचे हलके असतात खरे, पण दगडांच्या फटीत अडकून आडवा ताण आला की मोडू शकतात, ॲल्युमिनियम बहुतेक वेळा नुसतं वाकतं.

नावडलं एकच, टोकाचं रबर फार लवकर झिजलं. डांबरी रस्त्यावर ते हवंच, नाहीतर टकटक आवाजाने डोकं उठतं, मातीत मात्र काढून ठेवा. आणि दोघींत एक जोडी अजिबात नको, आपापली घ्या.