गुडघेदुखीवर दुसरं मत: दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांचं की संधिवाततज्ज्ञांचं?

‘वाट्या झिजल्यात, बदलाव्या लागतील’ हे ऐकून माणूस घरी आला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय तर उरकून टाका. दुसरा म्हणतो, आणखी कुणाला तरी दाखवू. दुसरं मत घ्यावंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खरा प्रश्न ते कुणाचं घ्यावं हा आहे. बहुतेक जण एका हाडांच्या डॉक्टरांकडून उठतात आणि दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे जातात. काही दुखण्यांत हे अगदी योग्य असतं. काहींत मात्र त्यात मोलाचे महिने निघून जातात.

हाडांचे डॉक्टर, म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जन, मोडलेलं, झिजलेलं, वाकडं झालेलं दुरुस्त करतात. संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, शस्त्रक्रिया करत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते ते आजार त्यांचे: आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए), ल्युपस, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, कंबर आखडवणारा स्पॉन्डिलायटिस. युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा गाऊटही तेच पाहतात.

आपलं दुखणं कोणत्या बाजूचं, याचा अंदाज सकाळच्या वेळेवरून येतो. झिजेच्या दुखण्यात उठल्यावर सांधा आखडतो, पण साधारण अर्ध्या तासात मोकळा होतो. मग चालल्यावर, जिना उतरताना दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. आमवातात उलट घडतं. तास-तासभर हात वळत नाहीत, चहाचा कप धरवत नाही, आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटल्यासारखं होतं. बोटांची पेरं, मनगटं दोन्ही बाजूंना सुजतात, अंगात थकवा भरून राहतो. असं असेल तर गुडघा कितीही दुखत असला तरी आधी संधिवाततज्ज्ञ गाठा. आमवातात पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. हाड एकदा कुरतडलं गेलं की गोळ्यांनी ते परत येत नाही.

रिपोर्टच्या बाबतीतही इथे अनुभवी नजर लागते. रक्ताच्या तपासणीत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झालाच असं नाही. वय झालेल्या निरोगी माणसातही तो सापडतो. निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाही असंही नाही. अँटी-सीसीपी ही आमवातासाठीची दुसरी रक्तचाचणी त्या मानाने अधिक नेमकी. गाऊटचा झटका चालू असताना युरिक अ‍ॅसिड चक्क नॉर्मल येऊ शकतं. त्यात चिकुनगुनिया. २०२४ मध्ये पुण्यात त्याची मोठी साथ होती. ताप उतरल्यावरही या आजारात सांधे महिनोन्‌महिने दुखत राहू शकतात आणि ते दुखणं हुबेहूब आमवातासारखं दिसतं. म्हणून दुखणं सुरू होण्याआधी ताप आला होता का, हे विचारलं नाही तरी आवर्जून सांगा.

या वाटेच्या अडचणीही आहेत. संधिवाततज्ज्ञ संख्येने कमी आणि बहुतेक मोठ्या शहरांत, त्यामुळे तालुक्याच्या गावाहून एक दिवस मोडतो आणि अपॉइंटमेंट लांबची मिळते. मुंबईत के.ई.एम.सारख्या महापालिकेच्या रुग्णालयात हा विभाग आहे, गर्दी मात्र धरून चालायची. उपचार लांबतात, मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं. आमवातात नेहमी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरात गोळ्या काढून देणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.

आता दुसरी बाजू. दुखणं झिजेचंच आहे हे स्पष्ट आहे, उभं राहून काढलेल्या एक्स-रेत दोन हाडांमधली फट कमी झालेली दिसते, आणि प्रश्न उरलाय तो ऑपरेशन आत्ता की नंतर एवढाच. इथे दुसरे ऑर्थोपेडिक सर्जनच हवेत, तेही पहिल्या रुग्णालयाशी संबंध नसलेले. एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसतोच असं नाही. चौथ्या, म्हणजे शेवटच्या ग्रेडची झीज असलेली बाई मंडईतून भाजी घेऊन चालत येते, आणि दुसऱ्या ग्रेडवाल्याला रात्री झोप लागत नाही. त्यामुळे केवळ फिल्म पाहून, गुडघ्याला हातही न लावता जो सल्ला मिळतो, तो मी अपुरा मानते. काय काय करणं बंद पडलंय, हे विचारणारा डॉक्टर शोधा.

झिजेत सहसा घाई नसते. दुसऱ्या मतासाठी दोन-तीन महिने गेले तर बहुतेकदा नुकसान होत नाही. पूर्ण सांधा बदलायचा की अर्धा, दोन्ही गुडघे एकदम का, थांबलो तर काय बिघडेल, हे विचारून घ्या. इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, कमाल किमती सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवल्या; तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्यासाठी जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ही मर्यादा होती. म्हणून दोन रुग्णालयांच्या पॅकेजमध्ये लाखभराचा फरक दिसला तर तो खोली, यंत्र आणि इतर खर्चात शोधा आणि अंदाजपत्रक लेखी मागा. नुसत्या झिजेवर ‘दुर्बिणीतून साफ करून देतो’ असं सुचवलं असेल तर दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्येच झिजलेल्या गुडघ्यांच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांसाठी या शस्त्रक्रियेविरुद्ध ठाम शिफारस केली आहे.

व्हिडिओवरचा सल्ला रिपोर्ट समजून घ्यायला चांगला, आणि ई-संजीवनी या सरकारी सेवेवर तो मोफत मिळतो. पण सूज बोटांनी चाचपून कळते. पहिली भेट समोरासमोर, पुढच्या फोनवर, हे लांबच्या माणसाला परवडतं.

डॉक्टरांना राग येईल म्हणून अनेक जण गप्प बसतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे, आणि २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. केसपेपर, एक्स-रेच्या मूळ फिल्म आणि चालू गोळ्यांची यादी न्या. यादीत पुड्याही लिहा. सांधेदुखीच्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे आणि त्याने सूज दबते. दोन्हीकडच्या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही धोक्यात येतात. नव्या डॉक्टरांना आधी तपासू द्या, पहिल्यांनी काय सुचवलं ते नंतर सांगा.

एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप असेल, तर मतं गोळा करत बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आणि दोन मतं जुळली नाहीत तर लगेच तिसऱ्याकडे पळू नका. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: कोणती गोष्ट दिसली तर तुम्ही सल्ला बदलाल? झिजेच्या दुखण्यात उत्तर बहुधा फिजिओथेरपी आणि वजनापाशी येतं. एक किलो वजन घटलं की चालताना दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम तीन महिने नेमाने करून पाहा आणि मग तीच फाइल घेऊन दोघांपैकी ज्यांनी नीट तपासलं होतं त्यांच्याकडे जा.